ताबा मिळाला, पुढे काय?

प्रत्येक तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना 1-इ असतो. ही सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंदवही. कुणी कोणत्या गटात किती आर जमीन वाहिली, पीक कोणतं घेतलं, दंड किती बसला, हे त्यात लिहिलेलं असतं. दंड जमीन महसूल संहितेच्या कलम 50 खाली बसतो आणि त्याची पावती मिळते. भूमिहीन माणूस ही पावती रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून छपरात खोचून ठेवतो. उद्या पट्टा मागायचा झाला तर ताब्याचा पुरावा म्हणून तीच पुढे करायची असते. ज्या कामासाठी सरकारने दंड केला, ते काम आपण कधीपासून करतो आहोत हे सरकारच्याच सहीने सिद्ध करता यावं, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून नोंद व्हावी यासाठीही लोक तलाठ्याच्या मागे लागतात. नोंद न करण्याचे पैसे देणारे वेगळे, त्यांच्याकडे पुढे येऊ.

रिकामी जागा ताब्यात घ्यायची आणि ती राहणाऱ्यांनी मिळून चालवायची, याला युरोपातल्या शहरांत स्क्वॉटिंग म्हणतात. पन्नासएक वर्षांपासून तिथे ही चळवळ भांडवलशाहीला दिलेलं उत्तर म्हणून मांडली जाते. आपल्याकडचे शहरी वाचक ते मोठ्या कौतुकाने वाचतात. विदर्भातल्या खेड्यांत जागा ताब्यात घेण्याचं कुणाला नवल नाही. गायरान, वऱ्हाडातली ई-क्लास (चराईची सरकारी जमीन), पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल, तालुक्याच्या गावातली नझूल (गावहद्दीतली सरकारी जागा), नाल्याकाठची पडीक, सगळीकडे वस्त्या आहेत, वावरं आहेत. तरीही त्यातून बाजाराला पर्याय उभा राहिला असं म्हणता येत नाही, कारण ताबा घेतलेली जागा यथावकाश पुन्हा बाजारातच जाते. ती तिकडे जाऊ नये अशी तजवीज कागदावर आणि रोजच्या व्यवहारात करावी लागते. ज्या थोड्या गावांनी ती केली, त्यांचाच अनुभव इथे उपयोगाचा आहे.

आधी बाजारात जाण्याची वाट पाहू. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. त्याचं फळ उशिरा आलं. 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं पात्र माणसांच्या नावे नियमित करायचं ठरलं. पट्टे मिळाले तेही पूर्ण नाहीत, पण मिळाले ते एकेका माणसाच्या नावे, भोगवटादार वर्ग-2 म्हणून. वर्ग-2 म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कागदावर बंदोबस्त चोख दिसतो. गावात मात्र विक्री शंभराच्या स्टँपवर होते, आता पाचशेच्या. कागदावर ‘विक्री’ असा शब्दच नसतो. ‘हातउसने घेतले, परतफेड होईस्तोवर जमीन कसायला दिली’ असं लिहिलेलं असतं. मूळ पट्टेदार सातबाऱ्यावर राहतो, पीककर्ज त्याच्या नावे निघतं, नाफेडच्या खरेदीत तूर त्याच्या नावावर लागते, आणि जमीन दुसराच वाहतो. काही वर्षांनी पट्टेदाराचा मुलगा स्वतःच्याच वावरात रोजीने निंदायला जातो. लग्न, दवाखाना, बोंडअळीने गेलेला कापूस, यांपैकी एक कारण पुरतं. 2019 मध्ये अधिमूल्य भरून वर्ग-2 चं वर्ग-1, म्हणजे विकायला मोकळं, करून देण्याचे नियम आले, तेव्हा ज्याच्या हाती रोकड होती त्याचंच फावलं.

घराच्या जागेचंही असंच. गायरानावर घर बांधलं की ग्रामपंचायत कर लावते, नमुना 8 ला नाव चढतं, आणि माणूस समजतो की घर आपलं झालं. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. तिने मालकी सिद्ध होत नाही. हे कळतं घरकुल मंजूर झाल्यावर, जागेचा कागद मागतात तेव्हा. रहिवासी अतिक्रमणं नियमित करण्यासाठी 2018 चा शासन निर्णय आहे, त्यात 1 जानेवारी 2011 ही कटऑफ तारीख आहे. त्यानंतर आलेले बाहेर. प्रत्येक निर्णयाला अशी तारीख असते आणि प्रत्येक तारखेनंतर ‘पुढची तारीख येईल’ या भरवशावर नवी खोपटी उभी राहतात. निवडणुकीच्या तोंडावर ती जास्त राहतात, हे सांगायला कुणा अभ्यासकाची गरज नाही.

आता ते दुसरे, नोंद न करण्याचे पैसे देणारे. गायरानाच्या कडेला ज्याचं बारा एकर आहे तो दरवर्षी धुरा, म्हणजे बांध, नांगराच्या दोन ओळींनी पुढे सरकवतो. पांदण त्याच्या नांगराखाली अर्धी होते, बैलबंडी जायची तिथून सायकल जाणं मुश्कील. हेही अतिक्रमणच, पण 1-इ ला ते क्वचित चढतं. मोजणी लावायची तर भूमी अभिलेखची फी भरा, मोजणीदाराची तारीख घ्या, आणि तारखेच्या दिवशी शेजारी घरी नसतो. बळजोरीचा ताबा आणि गरजेचा ताबा यांना कायदा एकाच नावाने हाक मारतो. त्यामुळे ‘अतिक्रमण हटाव’ निघालं की जेसीबी आधी वस्तीकडे जातो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये पंजाबच्या एका खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असा आदेश सगळ्या राज्यांना दिला. त्यात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती, शाळा-दवाखाना यांच्यासाठी अपवादाची वाट ठेवलेली आहे. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत शासन निर्णय काढला. खाली तहसीलपर्यंत पोचेतो ‘हटवा’ एवढंच शिल्लक राहिलं.

सामाईक जमीन वाचवा म्हणणारेही बरोबर आहेत, ही यातली खरी अडचण. गायरान गेलं की गुरं जातात. आखरावर सकाळी जमणारा कळप लहान होत गेला, गुराखी मिळेनासा झाला, आणि पहिला फटका बसला तो दोन शेळ्या नि एक गाय असलेल्या घराला, कारण त्याच्याकडे स्वतःची वैरण नसते. म्हणजे एका भूमिहीनाचं वावर दुसऱ्या भूमिहीनाचा चारा खातं. ज्याला चळवळ ‘मुक्त केलेली जागा’ म्हणते, ती कुणापासून मुक्त केली हे विचारावंच लागतं.

युरोपातलं काय टिकलं हेही याच नजरेने पाहू. हॉलंडमध्ये वर्षभर रिकाम्या असलेल्या इमारतीत शिरून राहणं चालवून घेतलं जाई. 2010 पासून तो गुन्हा आहे. इंग्लंडने 2012 मध्ये राहत्या घरांपुरता तोच कायदा केला. ज्यांच्याकडे फक्त ताबा होता, त्यांची घरं एका कायद्याने गेली. कोपनहेगनमधली ख्रिस्तियानिया ही वसाहत 1971 मध्ये लष्कराच्या सोडलेल्या बराकींत वसली. चाळीस वर्षं सरकारशी भांडण चाललं आणि 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जागा सरकारची ठरवली. मग 2012 मध्ये रहिवाशांनी एक न्यास उभा करून त्याच्या नावे जागा विकत घ्यायला सुरुवात केली. तिथलं घर रहिवाशाला विकता येत नाही, सोडून गेला की ते वसाहतीचं. पण तिथेच, बाजार नाकारणाऱ्या त्या वसाहतीच्या मधोमध, गांजा-चरसचा उघडा बाजार टोळ्यांच्या हातात गेला, गोळीबार झाले, आणि 2024 मध्ये रहिवाशांनीच त्या रस्त्याचे दगड उखडून टाकले. सरकार नको म्हणून मोकळी सोडलेली जागा दांडग्याने धरली. विदर्भात रेतीघाटावर काय चालतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं आश्चर्य वाटू नये.

सगळ्यांत उपयोगी धडा जर्मनीतला आहे आणि तो रुक्ष आहे. फ्रायबर्गमध्ये स्क्वॉटिंगमधूनच निघालेल्या लोकांनी भाड्याच्या घरांचं एक मंडळ बांधलं. प्रत्येक इमारतीची मालकी एका छोट्या कंपनीकडे. कंपनीत भागीदार दोनच: तिथल्या रहिवाशांची संघटना आणि सगळ्या इमारतींचं सामाईक मंडळ. रोजचं सगळं रहिवासी ठरवतात, मंडळ त्यात पडत नाही. पण इमारत विकायची म्हटली की दोघांची सही लागते, आणि मंडळ सही करत नाही, कारण ते त्यासाठीच आहे. पुढच्या पिढीतल्या रहिवाशांना भाव पाहून मोह झाला तरी एका सहीने काही होत नाही. कर्ज फिटलं तरी भाडं थांबत नाही, त्यातला वाटा नव्या इमारतीच्या उभारणीला जातो. शंभराहून जास्त इमारती या पद्धतीने बाजाराबाहेर आहेत. उरुग्वेमध्ये 1968 च्या गृहनिर्माण कायद्याने अशीच सोय केली. सहकारी संस्थेतलं कुटुंब बांधकामावर आठवड्याला 21 तास श्रम देतं आणि त्याला घर वापरायचा, मुलांना द्यायचा हक्क मिळतो, विकायचा नाही.

वापराचा आणि वारसाचा हक्क आहे, विक्रीचा नाही. ही कल्पना विदर्भाला परकी नाही, उलट आपल्याकडे ती कायद्यात बसलेली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(4) वाचा: हक्क वारसाने जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, आणि नवरा-बायको दोघांच्या नावे लागतो. वैयक्तिक ताब्याला 4 हेक्टरची मर्यादा आणि 13 डिसेंबर 2005 ही तारीख आहे. सामूहिक वनहक्काचं तसं नाही. गाव ज्या जंगलाचा परंपरेने वापर आणि राखण करत आलं, ते सगळं ग्रामसभेच्या व्यवस्थापनाखाली येतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर असा हक्क मिळाला. बांबू गावाचा, हे सरकारी कागदाने मान्य होऊनही वाहतुकीचा परवाना द्यायला वनखातं तयार नव्हतं. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती पडली. 2012 च्या सुधारित नियमांनी तो अधिकार सगळ्या ग्रामसभांना दिला. 2013 मध्ये मेंढ्याने ग्रामदान कायद्याखाली स्वतःची खासगी शेतीही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसणारा तोच, वारस तोच, विकायचा प्रश्न संपला.

यावर डाव्या बाजूने एक आक्षेप येतो: बांबू शेवटी ठेकेदारालाच विकतात ना, मग भांडवलशाहीला पर्याय कसला? आक्षेप खोटा नाही, पण त्याने फार घाबरू नये. माल बाजारात जातो, जमीन जात नाही, आणि किती माल काढायचा हे ठेकेदार ठरवत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपत्ता (बिडीचं पान) तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण पानासाठी झुडपं छाटावी लागतात, आगी लागतात, आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, जातात. तेंदूचा पैसा हा मे महिन्यात हाती येणारा सगळ्यांत मोठा पैसा. बांबूवर भागतंय तर तो सोडता येतो, असा निर्णय कंपनी घेत नाही. सरकारी खातंही घेत नाही, त्याला महसुलाचं उद्दिष्ट असतं.

अशा व्यवस्था बिघडतात तेव्हा तत्त्वज्ञानामुळे बिघडत नाहीत. बांबूचंच घ्या. तोडीची मजुरी काठीवर दिली की मजूर बेटाच्या बाहेरच्या काठ्या तोडतो, कारण त्या हाताशी असतात. पण नवे कोंब, ज्यांना आपल्याकडे वास्ते म्हणतात, बाहेरच्या अंगाला फुटतात. म्हणजे कोवळा माल जातो, जुना आत गुंतून वाळतो, आणि दोन-तीन तोडींत बेट बसतं. म्हणून तीन वर्षं उलटलेल्या काठीलाच हात लावायचा, वीतभर उंचीवर पेराच्या लगेच वर कापायची म्हणजे खुंटात पाणी साचत नाही, आणि आतला गुंता काढायची मजुरी वेगळी द्यायची. ही वेगळी मजुरी ग्रामसभेच्या हिशेबात धरली नसेल तर बाकी सगळे ठराव भिंतीवर टांगण्यापुरते. जंगलाचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी एकातच तोड ठेवली की राखणही सोपी जाते.

तेंदूचं दुखणं वेगळं. एक मानक गोणी म्हणजे 1,000 पुडके, पुडक्यात 70 पानं. फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या ठिकाणी, मोजणी ठेकेदाराच्या मुन्शीच्या हाती राहिली तर ओलं पान, फाटकं पान म्हणून शेकड्याला चार-पाच पुडके बाजूला काढले जातात आणि संध्याकाळी तेच गोणीत जातात. मोजायला गावचा माणूस हवा आणि रोजच्या रोज वहीवर दोघांची सही हवी. लिलावात चढा भाव बोलणारा ठेकेदार दुसऱ्या हप्त्यानंतर गायब होतो, हेही गडचिरोलीत नवं नाही. यावर औषध ग्रामसभेच्याच खिशात आहे: वाहतूक परवाना तीच देते. शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याशिवाय गोदामातल्या शेवटच्या लॉटचा परवाना फाडायचा नाही, ही अट करारनाम्यात पहिल्या पानावर घालावी. चेक दाखवला म्हणून परवाना दिला आणि चेक परत आला, तर वसुलीला दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या. एकट्या गावाला ठेकेदार वाकवतो, शेजारच्या गावात कमी भावाने माल उचलतो. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी महाग्रामसभा बांधली ती या अनुभवातून. जर्मन मंडळाची दुसरी सही आणि कोरचीची महाग्रामसभा यांचं काम थोड्याफार फरकाने सारखंच होऊ शकतं.

पैसा आल्यावर ग्रामसभेत गर्दी कमी होते, हा अनुभव बऱ्याच ठिकाणचा. बैठक ठेकेदार, अध्यक्ष आणि सचिव यांच्यात उरकते. वनहक्क नियमांनी गणपूर्ती निम्म्या सभासदांची ठेवली आहे आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. सही नंतर घरोघर फिरवून घेतली जाते, ही त्यावरची नेहमीची पळवाट. ती बंद करायला बैठक वस्तीत, जेवणानंतर, रोवणी-कापणीचे दिवस सोडून ठेवावी लागते. खातं तिघांच्या नावे, त्यात एक बाई, दोन सह्यांवर पैसा निघेल असं. पासबुकाची झेरॉक्स दर महिन्याला समाजमंदिराच्या भिंतीवर. साधं वाटतं, पण पैशाची पहिली भानगड झाकली जाते ती पासबुक कुणाच्या घरी आहे हे कुणालाच माहीत नसल्यामुळे. पॅनकार्ड आणि ऑडिट नको म्हणणारी ग्रामसभा फार दिवस ग्रामसभा राहत नाही.

जंगल नसलेल्या गावांचं काय? पश्चिम विदर्भात ते विचारलंच पाहिजे. तिथे मोकळी जागा म्हणजे इमारती: बंद पडलेली जिनिंग, पत्रे उडालेली सूतगिरणी, पट कमी झाल्याने बंद झालेली शाळा, आणि प्रत्येक वस्तीतलं समाजमंदिर. या शेवटच्यात मुलांनी स्वतः चालवलेली अभ्यासिका हे मला सध्याचं सगळ्यांत जिवंत स्वव्यवस्थापन वाटतं. पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी करणारी मुलं. वीस बाय तीस फुटांचा हॉल, तीस खुर्च्या. महिना दीडशे रुपये धरले तर साडेचार हजार जमतात. उन्हाळ्यात दोन कूलर लावले तर वीजबिल दीड-दोन हजारांवर जातं, वायफाय सहा-सातशे, पेपर आणि मासिकं पाचशे, झाडझूड-पाणी पाचशे. उरलेल्यात टेस्ट सिरीज आणि बॅटरीसाठी गल्ला. ज्या जिल्ह्याच्या गावात खासगी अभ्यासिकेला खुर्चीमागे हजार रुपये मोजावे लागतात, तिथे हे आकडे बोलके आहेत.

बंद पडायची कारणं ठरलेली असतात. मीटर ग्रामपंचायतीच्या नावे आणि थकबाकी आधीची, त्यामुळे बिल नियमित भरूनही लाईन कापली जाते. सुरू करण्याआधी वेगळं मीटर किंवा थकबाकी ग्रामपंचायत भरेल असा ठराव घेतला पाहिजे. किल्ली एकाकडे असते आणि त्याची भरती होते. किल्ल्या तीन कराव्यात आणि उघडण्याच्या पाळ्या फळ्यावर लिहाव्यात. लग्नसराईत हॉल बुक होतो, पुस्तकं गोण्यांत भरली जातात आणि निम्मी परत येत नाहीत. ठेकेदाराचं सिमेंट पावसाळ्यापुरतं ठेवलं जातं ते दिवाळीपर्यंत राहतं. यासाठी तोंडी परवानगी कामाची नाही, मासिक सभेचा ठराव क्रमांक आणि किमान तीन वर्षांचा वापर करारनामा हवा. आणि मग जात. समाजमंदिर दलित वस्ती सुधार योजनेतून बांधलेलं असेल तर गावातली बाकीची मुलं तिथे बसत नाहीत, त्यांचे आईबाप बसू देत नाहीत. सभागृह गावठाणात असेल तर वस्तीतल्या मुलाला कोपऱ्यातली खुर्ची. ‘सर्वांसाठी खुलं’ असं बोर्डावर लिहून हे सुटत नाही. चालक समितीत वस्त्यांच्या जागा ठरवून ठेवल्या आणि जागा चिठ्ठीने वाटल्या, तर थोडं सुटतं. मुलींचंही तसंच: संडास नसेल आणि सातनंतर रस्त्यावर लाईट नसेल तर नियमावलीतल्या समतेला अर्थ नाही.

एक सावधगिरी जुन्या गोष्टींबद्दल. पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे मालगुजारी तलाव, हे स्वव्यवस्थापनाचं उदाहरण म्हणून नेहमी पुढे केलं जातं. भंडारा-गोंदियाच्या कोहळी समाजाचं त्या बांधकामातलं कसब वादातीत आहे आणि पाणी वाटपाचे नियम गावाला तोंडपाठ होते. पण तलाव मालगुजाराचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा होता आणि पाळीवरची माती वेठीनेही पडत असे. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ कुणी काढायचा हा प्रश्न तेव्हापासून कागदावर फिरतो आहे. निस्तार हक्क मात्र राहिले. महसूल संहितेच्या कलम 161 खाली निस्तार पत्रक आणि 165 खाली वाजिब-उल-अर्ज आजही लागू आहे. गुरं कुठे चरतील, लाकूडफाटा कुठून आणायचा, मासे कुणी धरायचे, हे त्यात गावनिहाय लिहिलेलं असतं. सामाईक जागेवर दावा सांगताना ‘आमचा ताबा आहे’ यापेक्षा ‘निस्तार पत्रकात असं आहे’ हे वाक्य तहसीलदारापुढे जड पडतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. फार थोड्या ग्रामसभांनी ती काढून ठेवली आहे.

गायरानावरच्या वस्त्यांसाठी मग मागणी काय करायची? ‘आम्हाला पट्टे द्या’ ही मागणी साठ वर्षांची आहे. ती अपुरी आहे असं म्हणणं बेघरासमोर क्रूर वाटेल, पण स्टँपवरचे व्यवहार पाहता ते म्हणावंच लागेल. माझ्या मते मागणी दोन मजल्यांची हवी. जमीन ग्रामपंचायतीकडे किंवा सरकारकडे राहावी आणि वस्तीच्या सहकारी संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळावी. घर कुटुंबाचं, नवरा-बायको दोघांच्या नावे, वारसाने जाणारं. घर सोडायचं झालं तर बांधकामाची ठरलेली किंमत संस्थेने द्यावी आणि यादीतल्या पुढच्या बेघराला ते मिळावं. नुसत्या संस्थेच्या उपविधींवर विसंबून चालत नाही, कारण बहुमत जमवलं की उपविधी बदलता येतात. विक्रीबंदी भाडेपट्ट्याच्या कराराच्या अटीत हवी, म्हणजे मोडायला दुसरी सही लागेल. घरकुलाला जागेचा कागद म्हणून हा भाडेपट्टा चालावा, एवढा एक शासन निर्णय त्यासाठी काढून घ्यावा लागेल. गायरानापैकी किती वस्तीला आणि किती चराईला, हे मोजून, खुणेचे दगड रोवून, त्याच ठरावात लिहावं. धुरा सरकवणाऱ्या बारा एकरवाल्याची मोजणी त्याच दिवशी, त्याच मोजणीदाराकडून.

झुडपी जंगलावरच्या वस्त्यांना हे जसंच्या तसं लागू होणार नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाची जमीन वनच ठरवली आणि 12 डिसेंबर 1996 ही तारीख मध्ये घातली. त्याआधीच्या वाटपांना वाट ठेवली आहे, नंतरच्यांना अवघड. तिथल्या गावांनी 1996 च्या आधीचे कागद आताच गोळा करायला घ्यावेत: करपावती, मतदार यादी, शाळेचा दाखला, दंडाची पावती. ज्यांची वहिवाट वनहक्क कायद्यात बसते त्यांनी वनहक्क समितीकडे वेगळा दावा टाकावा, दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नये.

या सगळ्यात एक कलम असं आहे की ज्याच्याकडे चळवळींचंही लक्ष नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 नुसार सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा माणूस सदस्य राहू शकत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी ताणला: अतिक्रमण सासऱ्याने किंवा नवऱ्याने केलेलं असलं तरी त्या घरात राहणारी सदस्य अपात्र. कलम आणलं ते सार्वजनिक जागा लाटणाऱ्या पुढाऱ्यांसाठी. लागतं ते गायरानावरच्या वस्तीतून राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईला. हरलेला उमेदवार कलेक्टरकडे अर्ज टाकतो, ग्रामसेवकाचा अहवाल जातो, पद जातं. ज्या वस्तीचा फैसला ग्रामसभेत व्हायचा, तिचं माणूस ग्रामपंचायतीत बसूच शकत नाही. नियमितीकरणाचा अर्ज प्रलंबित असलेल्या रहिवासी अतिक्रमणाला, इतर घर किंवा शेती नसेल तर, या अपात्रतेतून वगळावं, अशी दुरुस्ती येत्या अधिवेशनात मागता येईल. तीन ओळींची दुरुस्ती आहे. तोवर वस्तीतून उभं राहणाऱ्या उमेदवाराने अर्ज भरण्याआधी 1-इ ची आणि नमुना 8 ची नक्कल काढून, नाव कुठे आणि कोणाच्या नावे लागलंय ते वकिलाला दाखवून घ्यावं.